दुष्काळातलं एक प्रेमपत्र



आज ज्या पत्राविषयी बोलणार आहे, त्यात मेलेली गुरं आहेत, सावकार आहेत, कलेक्टर आहे आणि ज्वारीच्या चार गाड्या आहेत. तरी मी त्याला प्रेमपत्र म्हणतो. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुल्यांनी ते जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलं.

१८७६ साली पावसानं दगा दिला. शेतकरी आधीच कर्जात बुडालेला. आदल्याच वर्षी सुप्याला लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. आता रानं करपली, चाऱ्यावाचून गुरं मेली, माणसं गावं सोडून निघाली. सरकारी दुष्काळी कामावर दिवसभर राबलेल्या पुरुषाला रतलभर धान्याची किंमत आणि वर एक आणा, एवढीच मजुरी ठरली. अशा वेळी सत्यशोधक समाजानं अन्नछत्रं काढली आणि सावित्रीबाई गावोगाव फिरू लागल्या.

त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत ते उखाण्यात. सावित्रीबाईंच्या पत्राची सुरुवातच जोतीबांच्या नावानं होते. पुढे स्वतःच्या हालांचा पाढा नाही. आहे ती कामाची खबर. सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि समाजाचे पन्नास कार्यकर्ते धरले गेले. बाई कलेक्टरासमोर उभ्या राहिल्या, या भल्या माणसांवर खोटे आळ का घेता, असं त्यांनी विचारलं. कलेक्टरानं माणसं सोडली आणि लोकांचे हाल पाहून ज्वारीच्या चार गाड्याही धाडल्या. शेवटी त्या जोतीरावांना सांगतात, की या कामातली जबाबदारी मलाही उचलायची आहे आणि माझी साथ तुम्हाला कायम राहील.

या नात्याची घडण पाहा. १८४० साली लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची, तो तेरा. शाळा काढल्या म्हणून १८४९ साली दोघांना घर सोडावं लागलं. १८६८ साली नायगावात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही अस्पृश्य मुलगी यांचं प्रेम उघड झालं. गाव त्यांच्या जिवावर उठलं. सावित्रीबाईंनी मध्ये पडून दोघांना वाचवलं आणि जोतीरावांकडे पाठवून दिलं. आपला नवरा त्यांना दारातून परत पाठवणार नाही, ही खात्री असल्याशिवाय कुठली बाई असं करील?

ओतूरच्या पत्राला महिना होतो न होतो, तोच मे १८७७ मध्ये जोतीरावांनी दुष्काळातल्या निराधार मुलांच्या बालाश्रमासाठी लोकांकडे मदत मागितली. एकानं जिल्ह्यात फिरायचं, दुसऱ्यानं धान्य आणि पैसा उभा करायचा, असा हा संसार होता. हलाखीच्या दिवसांत आपण घरापुरतं पाहतो, आणि त्यात गैर काही नाही. या दोघांनी मात्र त्याच दिवसांत घराची व्याख्या वाढवली.

जोतीराव १८९० साली गेले. ज्यांना शब्द दिला होता ते आता नव्हते. सावित्रीबाईंनी शब्द सोडला नाही. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. पुण्यात प्लेग आला तेव्हा रुग्णांची सेवा करताना त्यांनाच त्याची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ओतूरहून दिलेलं वचन त्यांनी वीस वर्षं पाळलं. म्हणून मी त्या पत्राला प्रेमपत्र म्हणतो.