रस्त्यावरील अपघात : कागद आणि मुदत सांभाळा

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कपाशीवर बोलणारा माणूस आज अपघातावर का बोलतो, असे आपणास वाटेल. दिवाळीनंतर आपली अर्धी शेती रस्त्यावरच असते. वेचणीच्या बाया ट्रॉलीतून शेतावर जातात, कापूस हिंगणघाट, देवळी, पुलगावला जातो आणि परतताना अंधार पडतो. आपले कृषि विज्ञान केंद्र ज्या सेलसुऱ्याला आहे, त्याच गावाजवळ जानेवारी २०२२ मध्ये मोटार पुलावरून कोसळून सावंगीचे ७ वैद्यकीय विद्यार्थी रात्रीच्या वेळी दगावले. रस्ता शिकलेला आणि न शिकलेला असा भेद करीत नाही.

पेरणीला जसा वाफसा साधावा लागतो, तशीच अपघातानंतरच्या प्रत्येक कामाची एक वेळ असते. ती गेली की हक्काची मदतही हातची जाते. म्हणून ही कामे क्रमाने लक्षात ठेवावीत.

पहिला तास : १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे. मान किंवा पाठ दुखावली असल्यास जखमीला ओढू नये, बसते करू नये. "पोलिसांचे लचांड मागे लागेल" या भीतीने पुष्कळ लोक पुढे होत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्यास संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. केंद्र शासनाच्या मे २०२५ पासूनच्या योजनेत अपघातग्रस्तावर नेमलेल्या रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार होऊ शकतात. रुग्णालयात पोहोचताच याची चौकशी करावी.

पहिला दिवस : धडक देणाऱ्या वाहनाचा क्रमांक लिहून घ्यावा व जागेचे फोटो काढावेत. पोलिसांत फिर्याद द्यावी. घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल मागावी. डॉक्टरांना "रस्त्यावरील अपघात" असेच सांगावे. "पडलो" असे लिहिले गेले, की पुढे तोच कागद आडवा येतो. औषधांची बिले, तपासण्यांचे अहवाल, सुटीचे कार्ड हे सर्व एका पिशवीत ठेवावे.

पहिले ३० दिवस : शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा प्रस्ताव तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे द्यावा. वहितीधारक शेतकरी आणि कुटुंबातील एक सदस्य, वय १० ते ७५, यांना ही योजना लागू आहे. मृत्यू झाल्यास किंवा दोन्ही डोळे वा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. सातबारा, वयाचा दाखला, पोलिसांचे कागद सोबत लागतात.

पहिले सहा महिने : मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करण्याची मुदत एप्रिल २०२२ पासून सहा महिने आहे. अर्ज आपण राहतो तेथील न्यायाधिकरणातही करता येतो. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ प्रवासी मरण पावले. त्यांत वर्ध्याचेही प्रवासी होते. अपघात अशा दूरच्या जिल्ह्यात झाला, तरी दाव्यासाठी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत.

चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देऊन वाहन पळून गेले व सापडले नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजारांची तरतूद आहे. त्यासाठी अपघात झाला त्या भागातील तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गावात असे प्रकरण पुष्कळदा तीस-चाळीस हजारांत मुद्रांकावर मिटविले जाते. जरा हिशोब पाहा. समजा, महिना १० हजार कमावणारा ३८ वर्षांचा मजूर गेला आणि मागे तिघे अवलंबून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पक्की केलेली पद्धत लावली, तर वर्षाचे १ लाख २० हजार, त्यात ४० टक्के वाढ धरून १ लाख ६८ हजार, स्वखर्चाचा तिसरा हिस्सा वजा जाता १ लाख १२ हजार आणि त्याची १५ पट, म्हणजे १६ लाख ८० हजार रुपये होतात. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचेही न्यायालय मोल धरते. म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये.

वकिलाची फी कोठून आणावी? वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व अपंग व्यक्ती, तसेच वर्षाला ३ लाखांहून कमी उत्पन्न असणारे यांना वकील मोफत मिळतो.

शेवटी ट्रॅक्टरमालकांना एक सांगणे. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता असतो. ट्रॉलीत माणसे बसविली आणि ट्रॉली उलटली, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई मालकाच्या डोक्यावर येते आणि शेत विकण्याची पाळी येते. बायांसाठी प्रवासी परवान्याचे वाहन लावावे. विमा व चालकाचा परवाना चालू ठेवावा. ट्रॉलीला मागे तांबडे दिवे व परावर्तक पट्ट्या, बैलगाडीलाही पट्टी लावावी. बंद पडलेली ट्रॉली नुसते दगड ठेवून रस्त्यावर सोडू नये, आणि वाटेत ठेवलेले दगडही जाताना उचलावेत.

पट्टीला खर्च थोडा येतो. या वेचणीपूर्वी प्रत्येक गावाने आपल्या सर्व गाड्यांना ती लावावी, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.