तोल कोण सांभाळतो?

भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच रेवसला लागते. उतारू धक्क्यावर पाऊल ठेवतो आणि त्यास वाटतें, धक्काच हेलकावत आहे! समुद्र मागें राहिलेला असतो, पायांखालची भूमि स्थिर असते. तरी अंगांतली लाट कांहीं केल्या थांबत नाहीं. श्रोतेहो, या भासाची हकीकत कानापासून सुरू होते.

कान म्हणजे ऐकण्याचें इंद्रिय, ही समजूत खरी पण अपुरी आहे. कानशिलाच्या हाडांत, ध्वनि ग्रहण करणाऱ्या शंखाकृति नळीला लागूनच, तोलाचें एक निराळें इंद्रिय वसलेलें आहे. प्रत्येक कानांत तीन अर्धवर्तुळाकृति नळ्या असतात. खोलीच्या कोपऱ्यांत दोन भिंती व जमीन जशा काटकोनांत मिळतात, तशीच त्यांची रचना असते. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. पाण्यानें भरलेली वाटी एकदम फिरविली, तर वाटी फिरते. परंतु पाण्यावरील तुळशीचें पान क्षणभर जागच्या जागींच राहतें. मान वळतांच नळ्यांतील द्रवही असाच मागें रेंगाळतो; त्याच्या दाबानें तेथील पेशींवरचे सूक्ष्म केस वांकतात आणि मान कोणत्या दिशेस वळली हें मेंदूस कळतें. फुगडी थांबल्यावर मुलींना भोंवळ येते ती याच कारणानें: अंग थांबलें तरी आंतील द्रव लगेच थांबत नाहीं.

नळ्यांना फिरणें कळतें. कलणें व पुढें-मागें, वर-खालीं जाणें कळण्यासाठीं दोन लहान पिशव्या आहेत. त्यांतील केसाळ पेशींवर सरसासारखा थर असून त्यावर चुनखडीचे बारीक कण असतात. डोकें कललें कीं हे जड कण पृथ्वीच्या ओढीनें किंचित् सरकतात. लाँच लाटेवर चढली वा उतरली, कीं तीही वर्दी हेच कण देतात.

ही वर्दी डोळ्यांनाही पोंचते. वर्तमानपत्र स्थिर धरून मान भराभर हालवावी. अक्षरें वाचतां येतात. मग मान स्थिर ठेवून कागद तितक्याच वेगानें हालवावा. अक्षरें पुसट होतात. मान हालतांना कान डोळ्यांस उलट दिशेनें वळवितो, म्हणून दृष्टि स्थिर राहते. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना असें आढळलें, कीं कानांत थंड किंवा ऊन पाणी सोडल्यास बसल्या जागीं भोंवळ येते. उष्णतेंतील फरकानें नळींतील द्रवांत प्रवाह उत्पन्न होतो. या इंद्रियावरील संशोधनाबद्दल त्यांना १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

मेंदूपुढें तोलाचे तीन साक्षी असतात: कान, डोळे आणि पायांचे स्नायु व सांधे. लाँचच्या आंत बसलेल्या प्रवाशाचे डोळे सांगतात, "बांक, खांब, सारें स्थिर आहे", कान सांगतो, "आपण हेलकावे खात आहों." साक्षी जुळत नाहींत आणि पोटांत ढवळूं लागतें. ज्यांचें हें इंद्रिय पूर्ण निकामी झालें आहे, त्यांना बोट लागत नाहीं. इतरांनीं बोटीच्या मध्यभागीं बसून दूर क्षितिजावर अथवा कनकेश्वराच्या डोंगरावर दृष्टि ठेवावी, वाचन टाळावें. हळूहळू मेंदू हेलकाव्यांचा हिशेब धरूं लागतो आणि उतरल्यावरही कांहीं वेळ तोच हिशेब चालू ठेवतो. धक्का हलल्याचा भास होतो तो त्यामुळें.

रेवसच्या वाटेवर तोलाची गोष्ट निघाली कीं 'रामदास' आठवल्यावांचून राहत नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढी अमावास्येच्या दिवशीं, ही आगबोट सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. काश्याच्या खडकाजवळ मोठ्या लाटेनें ती कलली, भेदरलेले प्रवासी एका बाजूस लोटले आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोट कलतांच प्रत्येकाच्या कानानें आपलें काम चोख बजावलें असेल. परंतु कान एकट्याचा तोल राखतो. शेंकडों माणसें एकाच बाजूस धांवलीं तर बोटीचा तोल जाईल, हें सांगणारें इंद्रिय निसर्गानें कोणासही दिलेलें नाहीं. तें काम विचारानें करावयाचें असतें. म्हणून बोट कलली असतां उठूं नये. जागच्या जागीं घट्ट धरून बसावें, शेजाऱ्यासही बसवावें आणि खलाशी सांगतील तसें करावें.