गुन्ह्यांचा आकडा आणि आपला मोहल्ला



आजच्या विषयाला आयोजकांनी नाव दिलंय, 'मुंब्रा सुरक्षित आहे का?' मी राहते कौशात आणि वकिली करते ठाण्याच्या कोर्टात, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून ऐकावा लागतो. कोर्टातले सहकारी विचारतात, "रात्री एकटी घरी जाताना भीती नाही वाटत?" आणि घराजवळची मुलं म्हणतात, "आपा, आपल्या एरियाची उगाच बदनामी करतात." मला विचाराल तर ही दोन्ही वाक्यं आळसातून येतात. दोघांनीही आकडा पाहिलेला नसतो.

1992-93च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबं इथे आली, ती जीव सुरक्षित राहावा म्हणून. तीच वस्ती आज 'डेंजर' म्हणून ओळखली जाते, आणि त्याची किंमत तुम्ही मोजता. पत्त्यात 400612 हा पिनकोड दिसला की समोरच्याचा आवाज बदलतो. हा केवळ आपला समज नाही. काही बँकांनी मुस्लिमबहुल भाग 'निगेटिव्ह' किंवा 'रेड' झोन ठरवून तिथे कर्ज देणं टाळलं, हे 2006च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंदवलेलं आहे.

मग गुन्हेगारीचा दर म्हणजे नेमकं काय? एक लाख लोकसंख्येमागे वर्षभरात दाखल झालेले गुन्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी हे आकडे छापतो. त्यात राज्यं आहेत, जिल्हे आहेत, मोठी शहरं आहेत. मोहल्ला नाही. तेव्हा 'मुंब्र्याचा क्राइम रेट सगळ्यात जास्त' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याला शांतपणे विचारा, कुठल्या तक्त्यात आहे?

पण याचा अर्थ 'सगळं ठीक आहे' असाही होत नाही. 'दाखल झालेले' हा शब्द लक्षात ठेवा. गुन्हा घडणं वेगळं आणि दाखल होणं वेगळं. गुन्ह्यांत वाढ आणि नोंदणीत वाढ या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा इशारा एनसीआरबी स्वतःच देते. केरळचा दर अनेक वर्षं देशात वरच्या बाजूला राहिला आहे. तिथली माणसं जास्त वाईट आहेत म्हणून नव्हे. तिथे लोक तक्रार करतात आणि पोलीस ती नोंदवतात, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.

आता आपल्याकडे या. समजा, बाजारात कुणी तुमच्या खिशातून वीस हजारांचा मोबाईल मारला. तुम्ही चौकीत जाता. तिथे सल्ला मिळतो, "चोरी कशाला लिहिता? गहाळ झाला असं लिहा, नवीन सिमकार्ड लगेच मिळेल." तुम्हीही घाईत असता, सही करून मोकळे होता. असे कागद घेऊन माझ्याकडे कितीतरी लोक येतात. त्या दिवशी चोरी झाली, पण आकड्यात ती नाही. तीच चोरी स्टेशनवर किंवा लोकलमध्ये झाली, तर ती जाते लोहमार्ग पोलिसांच्या खात्यात.

अंमली पदार्थांचं गणित उलटं आहे. एमडी विकणाऱ्याविरुद्ध त्याचं गिऱ्हाईक फिर्याद द्यायला जात नाही. पोलिसांनी छापा घातला तरच गुन्हा दाखल होतो. म्हणून छापे वाढले की आकडा वाढतो, आणि छापे थांबले की कागदावर वस्ती एकदम 'स्वच्छ' होते. गल्लीच्या टोकाला गोळ्या विकल्या जातात, शाळा सोडलेली पोरं तिथे उभी असतात, हे आपल्याला दिसतं. पण टीव्हीवर बातमी आली की आपण फक्त 'बदनामी' म्हणतो. बदनामी होते हे खरंच आहे. पण त्या पोराची आई बदनामीमुळे रडत नाही, पोर हातचं गेलं म्हणून रडते.

घरातली मारहाण तर बऱ्याचदा पोलिसांच्या आकड्यात येतच नाही. 'घरची गोष्ट आहे, लोक काय म्हणतील' यात ती संपते. जिथे बायका तक्रार करत नाहीत, तिथला आकडा छान दिसतो. असा छान आकडा आपल्याला नको आहे.

याला उत्तर काय? उदाहरण जवळचंच आहे. भिवंडीत 1970 आणि 1984 साली भीषण दंगली झाल्या. 1988मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुस्लिम, यंत्रमाग कामगार, दुकानदार नियमित एकत्र बसू लागले. नळाचं भांडण, छेडछाड, अफवा, सगळं तिथे बोललं जायचं. चौकीत जायची भीती कमी झाली. डिसेंबर 1992मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांमध्ये माणसं एकमेकांना नावानं ओळखत होती, म्हणून अफवा कुणीतरी लगेच पडताळून पाहू शकत होतं.

तुम्ही उद्यापासून काय करू शकता, ते सांगते. चोरीला चोरीच लिहा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013च्या ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173नुसार हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते आणि फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते. नकार दिला, तर पोलीस उपायुक्तांकडे लेखी तक्रार पाठवा. ऑनलाइन फसवणूक झाली, तर वेळ न घालवता 1930वर फोन करा. संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकल्या जातात. पाच-सहा जणांनी बसून आपल्या ठाण्याच्या वर्षभराच्या एफआयआर मोजा. कुठल्या वेळी, कुठल्या रस्त्यावर काय घडतं, याची यादी करा. बंद पडलेले दिवे त्याच नकाशावर मांडा. मग तो कागद घेऊन पोलिसांकडे आणि महापालिकेकडे जा.

आणि सुरक्षितता म्हणजे फक्त चोर-पोलीस नव्हे. एप्रिल 2013मध्ये शिळफाट्याची बेकायदा इमारत कोसळून 70हून अधिक माणसं गेली. आपण ज्या इमारतीत झोपतो तिची कागदपत्रं मागणं, हेही सुरक्षिततेचंच काम आहे.

यामुळे पहिली एक-दोन वर्षं आपल्या ठाण्याचा आकडा वाढेल. कुणी हसेल, कुणी बातमी करेल. घाबरू नका. वाढलेल्या प्रत्येक नोंदीमागे एक माणूस असेल, जो पूर्वी गप्प बसून घरी गेला असता. त्या माणसासोबत चौकीपर्यंत चालत जा, एवढंच मी तुमच्याकडे मागते.

आता तुमचे प्रश्न विचारा.