बदलता विज्ञान अभ्यासक्रम आणि समाजाचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षे पूर्ण होणे हा कृतार्थतेचा क्षण असतो आणि पुढील वाटचालीचा विचार करण्याचाही. आपण मला शिक्षणावर बोलण्याची आज्ञा केलीत. विषय विशाल आहे, म्हणून मी त्यातील एकच प्रश्न घेतो. विज्ञानाचा अभ्यासक्रम बदलतो तेव्हा आपल्या जिल्ह्यातील माध्यमिक शाळेच्या वर्गात काय बदलते, आणि तेथे आपल्यासारख्या ट्रस्टने काय करावे?

१९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य असावे, असा आग्रह धरला. २००५ साली प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला. २०१० साली आपल्या राज्याचा आराखडा आला. २०१७ मध्ये नववीची व २०१८ मध्ये दहावीची नवी पुस्तके आली, आणि 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' हा विषय दोन भागांत विभागला गेला. पुढे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२३ चा शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा आला. या प्रवासात एक आग्रह वाढतच गेला आहे : मुलाने पाठांतर कमी करावे, स्वतः पाहावे, मोजावे, करून पाहावे आणि प्रश्न विचारावा.

विचार उत्तम आहे. परंतु तो वर्गापर्यंत पोहोचताना वाटेत बराच झिजतो. नवे पुस्तक जूनमध्ये शाळेत येते, शिक्षकांचे काही दिवसांचे प्रशिक्षण होते, आणि मग शिक्षक एकटा उरतो. कित्येक शाळांत प्रयोगशाळेची खोली असते, पण परीक्षानळ्या फुटलेल्या, रसायने संपलेली आणि सूक्ष्मदर्शक कपाटात बंद. दहावीच्या विज्ञानात चाळीस-चाळीस गुणांच्या दोन लेखी परीक्षा आणि वीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ते वीस गुण प्रयोगवहीच्या जोरावर मिळतात आणि ती वही पुष्कळदा फळ्यावरून उतरवून घेतलेली असते. यात शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. पण दोन तुकड्या, अपुरे साहित्य आणि निकालाचा धाक यांत सापडलेल्या माणसाच्या पाठीशी कोण उभे राहते, हे आपण विचारले पाहिजे.

असे पाठीशी उभे राहण्याचे प्रयत्न आपल्या देशात झाले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. प्रा. वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. केंद्राच्या कार्यातून ठळकपणे पुढे आलेली एक गोष्ट म्हणजे भाषेची अडचण. मुलाची बुद्धी कमी नसते, पुस्तकाची भाषा त्याला परकी असते. आज आपल्याकडे सेमी इंग्रजीचे वर्ग वाढले आहेत, तेव्हा तर हे निरीक्षण अधिकच लागू पडते. 'डेन्सिटी' या शब्दाची व्याख्या पाठ म्हणणाऱ्या मुलीला घनता म्हणजे काय हे सांगता येईलच असे नाही.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातील होशंगाबादचे. तेथे १९७२ साली सोळा शाळांत प्रयोगावर आधारलेले विज्ञान शिक्षण सुरू झाले. वर्ग सहावी ते आठवीचे होते, तरी त्यातील धडा माध्यमिक शाळांनाही उपयोगी आहे. मुलांना प्रयोगसंच दिले, शिक्षकांच्या नियमित मासिक बैठका ठेवल्या आणि परीक्षाही बदलली. पुस्तक उघडून लिहिण्याची मुभा आणि प्रत्यक्ष प्रयोगाची चाचणी अशी ती परीक्षा होती. हा उपक्रम अनेक जिल्ह्यांत पसरला, आणि २००२ साली शासनाच्या निर्णयाने बंद झाला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबू शकते. म्हणून अशा कामामागे स्थानिक समाजाचेही बळ असावे लागते.

तिसरे उदाहरण आपल्या राज्यातले. डॉ. श्री. एस. एस. कलबाग यांनी उद्योगक्षेत्रातील मोठे पद सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम उभारला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय घडवला. आठवड्यातून एक दिवस मुले हाताने काम करतात. जोडकाम, वीज, शेती व पशुपालन, अन्न व आरोग्य या चार अंगांनी विज्ञान शिकतात, आणि शिकवायला गावातलीच कुशल माणसे असतात. या विषयाला राज्याच्या परीक्षा मंडळाची मान्यता मिळाली. हे सारे एका खेडेगावातून घडले, हे विशेष.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. विज्ञान शिकवण्यासाठी येथे काय कमी आहे? तेरच्या प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. घनतेचा याहून चांगला पाठ कोणता? नेहमीची वीट आणि सच्छिद्र वीट तोलावी, त्यांचे आकारमान मोजावे, म्हणजे उत्तर मुलाच्या हाती येते. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील बंधारा आणि त्यातील पाणीमहाल पाहताना पाण्याचा दाब समजावून सांगता येतो. आपल्या विहिरी उन्हाळ्यात का आटतात, बेसॉल्ट खडकात पाणी कोठे साठते, हा तर प्रत्येक घराचा प्रश्न आहे. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण कशी विसरू? सास्तूरसह कितीतरी गावांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद यांखाली माणसे गाडली गेली. भिंत का कोसळते आणि कशी बांधली तर उभी राहते, हे ज्ञान आपल्या मुलांना दहावीपूर्वी मिळालेच पाहिजे. येथे विज्ञान हा गुणांचा विषय राहत नाही, तो जीवरक्षणाचा विषय होतो.

बंधू-भगिनींनो, आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. मला वाटते, विज्ञानाच्या शिक्षणात शास्त्रदान आणि अभयदान एकत्र येतात. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टपुढे मी नम्रपणे चार सूचना ठेवतो.

पहिली : नव्या इमारतीआधी शाळांच्या रोजच्या गरजेकडे पाहावे. रसायने, परीक्षानळ्या, भिंगे, तारा, विद्युतघट यांसाठी दरवर्षी न चुकता थोडी रक्कम द्यावी. उद्घाटनाची फीत एकदाच कापली जाते, आम्ल मात्र दरवर्षी संपते.

दुसरी : तालुक्यातील विज्ञान शिक्षकांची महिन्यातून एक बैठक आपल्या सभागृहात व्हावी. जिल्हा परिषदेचे, खाजगी अनुदानित शाळांचे, सर्व शिक्षक यावेत. प्रवासखर्च, चहापाणी आणि छायाप्रतींचा भार ट्रस्टने उचलावा. विषय शिक्षकांनी ठरवावा, आपण यजमान राहावे.

तिसरी : प्रत्येक धड्यातील इंग्रजी संज्ञा, मराठी संज्ञा आणि घरातील बोलीतला अर्थ अशी छोटी पुस्तिका शिक्षकांकडून तयार करून घ्यावी व मुलांना विनामूल्य द्यावी.

चौथी : आपल्या समाजात व्यापारी, डॉक्टर, औषधविक्रेते, अभियंते आहेत. त्यांनी वर्षातून दोन दिवस शाळेला द्यावेत. गावातील पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही तितक्याच सन्मानाने वर्गात बोलवावे.

हे सारे किमान दहा वर्षांच्या संकल्पाने व्हावे, आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी व्हावे. जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हा त्यांनी दार सर्वांसाठी उघडे ठेवले होते. तोच आपला आदर्श असावा.

नव्या धोरणानुसार माध्यमिक वर्गांची पुस्तके पुन्हा बदलतील. ती पुस्तके शाळेत पोहोचतील त्या दिवशी प्रयोगशाळेचे कुलूप उघडलेले असावे, टेबलावर साहित्य असावे आणि शिक्षकाला आपण एकटे नाही असे वाटावे. एवढे झाले तर या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक होईल.