नकाशे कुठे गेले?

माझी धाकटी बहीण एमपीएससीचा अभ्यास करते. ती विषयाचा मनोनकाशा काढते: मध्ये 'राज्यघटना', तिथून 'मूलभूत हक्क' ही फांदी, तिला पुढे कलम 14, 19, 21 अशा डहाळ्या. हे ती एका फुकट ॲपमध्ये करायची. तीन नकाशे झाले आणि ॲपने पैसे मागितले. मी म्हटलं, "थांब, मीच बनवून देतो."

बनवणं फार अवघड नव्हतं. संगणकासाठी असा नकाशा म्हणजे एक झाड. प्रत्येक नोंदीचा क्रमांक, तिचा मजकूर आणि ती ज्या नोंदीतून फुटली तिचा क्रमांक, एवढं साठवलं की पुरतं. चौकोन आणि रेषा ब्राउझर एसव्हीजीमध्ये काढतो. पहिली चूक मराठीने दाखवली. चौकोनाची रुंदी मी अक्षरं मोजून ठरवत होतो. 'स्त्री' हे आपल्याला एकच अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं आहेत. चौकोन उगाच लांब होऊ लागले. मग शब्द आधी काढून त्याची खरी रुंदी ब्राउझरलाच विचारायला लागलो.

दुसरी चूक महागात पडली. सगळे नकाशे मी लोकल स्टोरेजमध्ये ठेवले होते. ही जागा त्या एका संगणकावरच्या त्या एका ब्राउझरपुरतीच असते. लॅपटॉप हळू चालतो म्हणून बहिणीने ब्राउझरचा डेटा साफ केला. "भाई, माझे नकाशे कुठे गेले?" पूर्वपरीक्षा पाच आठवड्यांवर होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून सर्व्हर केला. नकाशे एसक्यूलाइटच्या एका फाइलमध्ये ठेवले. पण आमची इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देते, त्यामुळे अभ्यासिकेतून घरचा सर्व्हर उघडेना. शेवटी छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. त्यावर कॅडी हा मोफत वेब सर्व्हर चालतो. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र तो लेट्स एन्क्रिप्टकडून स्वतःच आणतो आणि मुदत संपण्याआधी नवं करतो.

रोज रात्री बॅकअप निघतो. वापरात असलेली फाइल नुसती कॉपी केली तर प्रत बिघडलेली निघू शकते, म्हणून एसक्यूलाइटचाच बॅकअप आदेश वापरतो. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघतो. कधी उघडूनच न पाहिलेल्या बॅकअपचा भरवसा धरू नका.

बहिणीने सगळे नकाशे पुन्हा काढले, आधी वहीत आणि मग ॲपमध्ये. तिच्या सांगण्यावरून मी एक बटण दिलं: दाबलं की अख्खा नकाशा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरतो. दर रविवारी ती फाइल पेनड्राइव्हवर घेते. भाईवर तिचा पूर्ण विश्वास नाही, आणि ते बरोबरच आहे.

तुमच्या नोट्स ज्या ॲपमध्ये आहेत, त्यातून त्या आज बाहेर काढून बघा. निघत नसतील, तर आजच दुसरी सोय शोधा.