बंद पडलेली तबकडी

२६ जुलै २००५ चा पाऊस ठाणे-कल्याणकडची मंडळी विसरलेली नाहीत. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडे उल्हास नदी पात्र सोडून बदलापूर-कल्याणच्या वस्त्यांत शिरली. तळमजल्यांवरच्या गाद्या भिजल्या, धान्य भिजले, संगणकही भिजले. गादी उन्हात टाकता येते. मग संगणकही वाळवावा आणि बटण दाबून पाहावे, असे कोणालाही वाटेल. श्रोतेहो, नेमके तेच करायचे नसते.

संगणकाच्या पोटात हार्ड डिस्क नावाची एक डबी असते. तिच्यातल्या आरशासारख्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात, आणि मजकूर वाचणारे टोक त्यांच्यावर न टेकता तरंगत असते. मधल्या फटीत केस तर सोडाच, धुळीचा कणही मावायचा नाही. ग्रामोफोनची सुई तबकडीवर टेकावी लागते. इथे टेकली की संपले! आत गेलेला गाळ वाळून बसला आणि वर वीज सोडली, की टोक त्यावर आपटून चुंबकीय थर खरवडते. खरवडलेले अक्षर कोणताही कारागीर परत आणू शकत नाही. म्हणून भिजलेली डिस्क ओलसरच, पिशवीत बंद करून जाणत्याकडे न्यावी.

१ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान आकाशात फुटले. त्यातली एक डिस्क जळून काळी झालेली सापडली, तरी तिच्यातला सुमारे ९९ टक्के मजकूर निघाला. तबकड्यांना इजा झाली त्या भागात मजकूर लिहिलेलाच नव्हता, हे त्याचे एक मोठे कारण.

आता आमच्या डोंबिवलीतली गोष्ट. शेजाऱ्यांच्या आईंनी म्हटलेली भोंडल्याची अकरा गाणी एकाच डिस्कवर होती. आई गेल्या, आणि वर्षभरात डिस्क 'टक् टक्' करू लागली. हा आवाज म्हणजे टोकाला वाट सापडत नसल्याची खूण. कोणी म्हणाले, डिस्क फ्रीजमध्ये ठेवा. (या सल्ल्याने आत दव मात्र धरते!) थोरला मुलगा ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू लागला, तेव्हा धाकटीने सरळ वायर उपटली. फार शहाणी मुलगी.

पुढे जाणत्या माणसाने धूळविरहित खोलीत डबी उघडून टोक बदलले. त्यानंतरही गाणी शोधण्याची घाई केली नाही. आधी अख्ख्या डिस्कची नक्कल उतरवली : शाबूत भाग पहिल्यांदा, अडणारा शेवटी. पुढचे सारे शोधकाम नकलेवर. मूळ डिस्कला जितके कमी फिरवाल तितके बरे.

अकरांपैकी सात गाणी मिळाली. एकात मध्येच आवाज तुटतो, आणि मग हसू ऐकू येते. आता ती दोन्ही मुलांच्या घरी आहेत, आणि एक प्रत ठाण्याला मावशींकडे.