जेवायला जाताना वाइन न्यायची तर…

जेवणाच्या आमंत्रणाला वाइन न्यायची असेल, तर आधी यजमानांना फोन करून सरळ विचारा, घरात चालते ना? वडीलधाऱ्यांसमोर पंचाईत नको. चालत असेल तर पुढचा प्रश्न, बेत काय आहे?

सुरमईचं कालवण किंवा झणझणीत रस्सा असेल, तर तुरट रेड वाइन टाळा. तिखटापुढे तिचा तुरटपणा आणखी बोचतो. त्यापेक्षा नाशिकची, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन घ्या. ती तिखट सांभाळून घेते. लेबलवरचं साल मात्र पाहा. ते द्राक्षतोडणीचं असतं, आणि नाशिककडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. ही वाइन मुरवत ठेवायची नसते, ताजी तेवढी बरी. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली तर फुकट मिळाली तरी नको.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत जेमतेम पाच पेले होतात, हेही लक्षात घ्या. फिरवून उघडायच्या झाकणाची निवडा. बूच काढायचा स्क्रू घरोघरी असतोच असं नाही. निघण्यापूर्वी दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. आणि यजमानांनी ती त्या रात्री उघडलीच नाही, तर मनाला लावून घेऊ नका. त्यांनी आपली बाटली आधीच थंड करून ठेवलेली असू शकते.